आरतीला येणारे मासे

आमच्या गावात मुंजाजी भोई नावाचे गृहस्थ आहेत. त्यांचे वय आज सत्तरीच्या पुढे असेल. गावातील सर्व लोक त्यांच्याविषयी चांगले बोलतात, आणि मीसुद्धा अनेक वर्षे तसेच बोलत होतो. प्रौढांच्या वर्गात मला लिहिता येऊ लागले तेव्हा गुरुजींनी सांगितले की, आपल्या परिचयाच्या एका माणसाविषयी लिहा. मी मुंजाजींविषयी अर्धे पान लिहिले होते. ते अर्धेच राहिले होते. आज पूर्ण करीत आहे. गावाचे नाव लिहीत नाही, कारण मला अजून तेथेच राहावयाचे आहे.

सोनपेठच्या बाजाराला जाणारी यष्टी आमच्या गावावरून जाते. गावाजवळून एक लहान नदी वाहते आणि पुढे जाऊन ती गंगेला मिळते. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. गावाच्या खालच्या अंगाला महादेवाचे मंदिर आहे आणि मंदिराच्या पायऱ्यांशी एक खोल डोह आहे. उन्हाळ्यात नदीची वाळू उघडी पडते, परंतु हा डोह आटत नाही. त्यातील मासे देवाचे मानले जात. ते कोणी धरीत नसे. त्यांची राखण करण्याचा मान मुंजाजींच्या घराण्याकडे होता. जाळे टाकून पोट भरणारे ते भोई, परंतु त्यांच्या घरात डोहातील मासा कधी शिजला नाही. जाळे टाकायचे ते डोहाच्या पुष्कळ वर, नाहीतर खाली दोन वळणे सोडून.

रोज सकाळी त्यांच्या पत्नी बायनाबाई कणीक मळून गोळ्या करून देत. मुंजाजी पायरीवर बसून एकेक गोळी पाण्यात सोडीत. गोळी पडली की खालून एक काळी सावली येई आणि गोळी नाहीशी होई. माशाचे तोंड सहसा कोणाला दिसत नसे. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

डोहाच्या खाली आमची वस्ती आहे. गावाने पाण्याचा क्रम ठरविलेला होता. सर्वांत वर गावाचे पिण्याचे पाणी, त्याखाली देवाचा डोह, मग धुणे, मग गुरे, आणि सर्वांच्या खाली आम्ही. आम्ही वाळूत झिरा उकरून पाणी भरत असू. वाळूतून गाळून येते म्हणून ते पाणी निर्मळ असते, असे आमचे वडील सांगत.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात ठिकठिकाणी आमच्या लोकांच्या वस्त्यांवर हल्ले झाले. आमच्या वस्तीतील घरेही पेटविली गेली. नदीला पूर होता. मागे आग होती आणि पुढे पाणी होते. अशा वेळी मुंजाजी गुऱ्हाळावरची काहील डोक्यावर घेऊन आले. गूळ शिजविण्याच्या त्या मोठ्या कढईतून पुराच्या वेळी माणसे पार करण्याची आमच्या भागात रीत आहे. त्यांनी आमच्या बायका आणि लेकरे पलीकडच्या काठाला नेली. माझी बहीण कडूबाई त्यांत होती. तिचा मुलगा सुग्रीव याला तेव्हा नुकते मिसरूड फुटले होते. तो काहिलीला धरून पोहत होता आणि ती पुढे ढकलीत होता. काठावरून कोणीतरी मुंजाजींना हटकले की, ह्यांना कशाला काहिलीत घेता. मुंजाजी न थांबता म्हणाले, "काहिलीला जात कळत न्हाई, वजन कळतंय. तू चढू नगंस, तुझं लय हाय."

ही गोष्ट आमच्या वस्तीत अनेक वर्षे हसत हसत सांगितली जात असे. आता कोणी सांगत नाही.

पुढे काही वर्षांनी नगरपालिकेने गावातील नाल्यांचे पाणी शुद्ध करण्याचे केंद्र बांधण्याचे ठरविले. लोक त्याला नुसते फिल्टर म्हणत. ते गावाच्या आणि डोहाच्या खाली बांधावयास हवे होते, परंतु तेथे नगरपालिकेचे अध्यक्ष दिनकरराव यांचा ऊस होता. म्हणून ते गावाच्या पिण्याच्या पाण्याखाली, परंतु डोहाच्या वरच्या गायरानात बांधले गेले. दिनकररावांनी सभेत सांगितले की, फिल्टरमधून निघणारे पाणी नदीपेक्षाही स्वच्छ असणार आहे, तेव्हा ते कोठे सोडले याने काही बिघडत नाही. लोकांना ते पटले. मलाही पटले होते.

फिल्टरची रचना मी जवळून पाहिली आहे, कारण हौदातील गाळ उपसण्याच्या रोजंदारीवर मी तेथे होतो. नाल्यांचे पाणी प्रथम एका हौदात येऊन थांबे आणि गाळ खाली बसे. नंतरच्या दोन हौदांत विजेवर चालणारे मोठे पंखे होते. ते पाणी घुसळीत आणि त्यात हवा मिसळीत. घुसळून झालेले पाणी नदीत जाई. शिवाय बाजूने एक चर काढलेली होती आणि तिच्या तोंडाशी लोखंडी दार होते. चाक फिरविले की दार उघडे आणि घाण पाणी हौदांत न जाता थेट नदीत उतरे. वीज नसेल त्या दिवसापुरती ही सोय होती. त्या चाकावर आणि फिल्टरच्या राखणीवर मुंजाजींना नेमले. नदीत जाळ्याला फारसे लागत नव्हते, त्यामुळे ही नोकरी त्यांना देवाने दिल्यासारखी वाटली. खाकी सदरा घालून ते पहिल्या दिवशी डोहावर गेले आणि माशांना तो दाखवून आले, असे बायनाबाई थट्टेने सांगत.

उद्घाटनाच्या दिवशी दोन्ही पंखे फिरले. त्यानंतर कोणी पाहुणे येणार असले की एक फिरे. पुढे एक बिघडला, आणि दुसऱ्याला वीज फार लागते म्हणून तो बंद ठेवण्याचा हुकूम झाला. संध्याकाळी दार उघडायचे आणि सकाळी उजाडल्यावर बंद करायचे, असा क्रम दिनकररावांनी लावून दिला. मुंजाजींनी विचारले होते की, साहेब, हे पाणी देवाच्या डोहात उतरते. दिनकरराव म्हणाले की, नदी वाहती आहे, सगळे वाहून नेते. मुंजाजींनी मान डोलावली आणि चाक फिरविले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एक नवल घडले. पहाटे महादेवाच्या आरतीची घंटा वाजू लागली आणि डोहातील मासे वर आले. एकदोन नव्हे, सर्वच आले. पाण्याच्या पृष्ठभागावर तोंडे काढून, ती उघडीत आणि मिटीत, ते घाटाकडे तोंड करून राहिले. ऊन वर चढल्यावर ते खाली गेले. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. आरती म्हणणाऱ्यांना वाटले की मासेसुद्धा आरती म्हणत आहेत. मुंजाजींच्या डोळ्यांना पाणी आले. त्यांच्या वाडवडिलांनी राखण केली, परंतु त्यांच्यापैकी कोणाला माशांनी असे तोंड दाखविले नव्हते.

ही वार्ता शेजारच्या गावांत पोहोचली. पहाटेच्या आरतीला बैलगाड्या येऊ लागल्या. लोक कणकेच्या गोळ्या, मुरमुरे, भाकरीचे तुकडे, नैवेद्याचा भात टाकू लागले. पूर्वी डोहाच्या पायऱ्या आम्हाला बंद होत्या. मुंजाजींनी सांगितले की मासे सर्वांनाच दर्शन द्यावयास येतात, कोणाला अडवू नका. तेव्हापासून आमच्या बायकाही शेवटच्या पायरीवर उभ्या राहू लागल्या. कडूबाईसुद्धा कणीक घेऊन गेली. दिनकररावांनी घाटावर एक पाटी लावली. तिच्यावर 'शुद्ध पाण्याचे जिवंत प्रमाण' असे लिहिले होते आणि खाली नगरपालिकेचे नाव होते.

सुग्रीव तोपर्यंत हाताखाली माणसे ठेवणारा गवंडी झाला होता. नामांतराच्या मोर्चात तो जात असे आणि एकदा सत्याग्रहात तुरुंगातही जाऊन आला होता. दिनकररावांच्या नजरेत तो सलत असे. फुरसत मिळाली की तो दोन वळणे खाली जाऊन गळ टाकीत बसे. एकदा घाटावर पाटीसमोर उभा राहून तो मोठ्याने म्हणाला की, फिल्टरचे पंखे फिरतात असे माशांनी नुसते ऐकले आहे, म्हणून बिचारे वर येऊन बघतात. लोक हसले. मुंजाजी मात्र हसले नाहीत. त्यांनी त्याला देवाच्या ठिकाणी जीभ आवरण्यास सांगितले.

एका उन्हाळ्यात पाणी तपासणारा एक तरुण मनुष्य जिल्ह्याच्या ठिकाणाहून आला. त्याने डोहाचे पाणी बाटल्यांत भरून घेतले. आरतीच्या वेळी तो घाटावरच होता. गर्दी गेल्यावर त्याने मुंजाजींना आणि मला जवळ बोलाविले व शांतपणे म्हणाला, "आजोबा, हे मासे दर्शनाला येत नाहीत. त्यांचा जीव गुदमरलाय. पाण्यात हवा उरली नाही, म्हणून ते तोंड बाहेर काढतात. आणि तुम्ही वरून कणीक टाकता ती सडते. उरलेली हवा ती खाते."

मुंजाजींनी त्याला विचारले की, मग उन्हात ते खाली कसे जातात. तो म्हणाला की, ऊन पडले की पाण्यातील शेवाळ थोडी हवा सोडते, आणि रात्री ती पुन्हा संपते. वरचे दार बंद करून पंखे चालविले नाहीत तर एक दिवस सर्व मासे मरतील, असेही त्याने सांगितले. मग तो बाटल्या घेऊन यष्टीत बसला. त्या बाटल्यांचे पुढे काय झाले हे आम्हाला कधी समजले नाही.

त्या दिवशी मुंजाजी बराच वेळ पायरीवर बसून होते. कणकेचे भांडे भरलेलेच घरी परत गेले. संध्याकाळी ते दिनकररावांकडे गेले. तेथे काय झाले ते बायनाबाईंनी मला सांगितले. दिनकरराव हसले आणि म्हणाले की, शहरातल्या पोराला देवाची करणी काय कळणार. नंतर त्यांनी एवढेच विचारले की, मुंज्या, खाकी सदरा आता तुला जड व्हायलाय काय.

दुसऱ्या दिवशी मुंजाजी पुन्हा पायरीवर होते. पुन्हा गोळ्या पाण्यात पडू लागल्या. फक्त आता गोळी टाकताना ते पाण्याकडे पाहत नसत.

एकाहत्तर-बहात्तरच्या दुष्काळातही न आटलेला तो डोह वैशाखातील एका सकाळी पांढरा दिसला. आदल्या दिवशी आभाळ भरून आले होते, परंतु पाऊस पडला नव्हता आणि वारा बंद होता. घंटा वाजली तेव्हा तोंडे वर आली नाहीत. माशांची पोटे वर आली होती. पायरीपासून पलीकडच्या कातळापर्यंत पाणी दिसत नव्हते. बायका रडू लागल्या. म्हाताऱ्या माणसांनी पागोटी काढून हातात घेतली.

काठावर हिंगणबेटाचे एक झाड आहे. त्याची फळे ठेचून पाण्यात टाकली की मासे गुंगतात व मरतात, हे आमच्याकडे लहान मुलांनाही माहीत आहे. त्या झाडाची फळे नेहमीच खाली पडलेली असतात. दिनकररावांचा कारभारी वैजीनाथ याने त्यांतील मूठभर फळे उचलली आणि लोकांना दाखविली. प्रथम तो म्हणाला की, कोणीतरी विष घातले. थोड्या वेळाने तो म्हणाला की, गळ घेऊन नदीवर कोण बसतो ते सर्वांना ठाऊक आहे. ज्यांना विद्यापीठाचे नाव बदलायचे आहे त्यांना देवाचा डोह कशाला हवा, असेही तो बोलला. मग काही माणसे आमच्या वस्तीत गेली आणि सुग्रीवला दंडाला धरून घाटावर घेऊन आली. त्याच्या हाताला चुना लागलेला होता. तो कामावर निघाला होता.

मी पुढे होऊन सांगितले की, रात्रभर वरचे दार उघडे होते. पंखे कित्येक महिन्यांत फिरलेले नाहीत. येथून वर चालत जा आणि डोळ्यांनी पाहा. तपासणीसाठी आलेल्या माणसाचे बोलणेही मी सांगितले. दिनकरराव तोपर्यंत आले होते. त्यांनी माझे सर्व ऐकून घेतले आणि लोकांकडे वळून म्हणाले, "भाच्यासाठी मामानं बोलावंच. बोलू द्या त्याला."

लोक हसले. त्या हसण्यानंतर माझ्या शब्दाला किंमत उरली नाही.

मग दिनकरराव मुंजाजींकडे वळले. एरवी ते त्यांना मुंज्या म्हणत, त्या दिवशी त्यांनी मान देऊन हाक मारली. "मुंजाजी, डोहाचे राखणदार तुमी. वरच्या दारावर बी तुमीच. तुमी म्हणाल ते गाव मानंल. सांगा."

ही गोष्ट खरी होती. मुंजाजी बोलले असते तर गावाने मानले असते. परंतु दार मी उघडले, हे सांगताना त्यांना हेही सांगावे लागले असते की, मासे आरतीला येत नव्हते, ते गुदमरत होते, मला ते माहीत होते आणि तरीही मी तुमच्याकडून कणीक टाकवून घेतली. त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या राखलेले मासे त्यांच्याच हाताने मेले होते. त्यांच्या हातात त्या वेळी कणकेचे भांडे होते.

सुग्रीवने त्यांच्याकडे पाहिले. तो घाबरलेला नव्हता. तो म्हणाला, "सांगा काका. तुमी हायेत म्हणून मी गप हाय."

मुंजाजी भांड्याकडे पाहत म्हणाले, "मी वर होतो. रातच्याला खाली कोण आलं, कोण गेलं, मला काय म्हाईत."

मी त्या वाक्याचा पुष्कळ विचार केला आहे. त्यातील एकही शब्द खोटा नाही. ते वर होते. खाली कोण आले ते त्यांना माहीत नव्हते. परंतु लोकांनी त्यातून एवढेच घेतले की, कोणीतरी आले होते.

सुग्रीवला तेथेच मारले. त्याचा उजवा हात मोडला. पोलीस त्याला घेऊन गेले आणि पुराव्याअभावी काही दिवसांनी सोडले. पण त्याला नंतर कोणी भिंतीचे काम दिले नाही, आणि तो हात थापीवर पूर्वीसारखा वळतही नव्हता. आमच्या वस्तीतील माणसांना त्या हंगामात शेतावर कोणी बोलाविले नाही. डोहाच्या पायऱ्या आम्हाला पुन्हा बंद झाल्या. दसरा झाल्यावर सुग्रीव बायको-लेकरांना घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेला. वाकड्या हाताने कोयता धरून त्याने ऊस तोडला. टोळी परत आली, तो आला नाही. तिकडेच कोठेतरी राहिला असे लोक सांगतात. कडूबाईने बरेच दिवस यष्टीच्या वेळा सांभाळल्या.

त्या दिवशी घाटावरून घरी गेल्यावर बायनाबाईंनी पिठाचा डबा मुंजाजींसमोर ठेवला. त्या शेजारणींच्या देखत म्हणाल्या, "आजवर कणीक माझ्या हातची होती. आता तुमचा हात चालायलाय तर तुमीच मळा." तेव्हापासून मुंजाजी स्वतः कणीक मळतात. ती सैल होते. गोळी पाण्यात पडली की विरघळून पसरते आणि वरच तरंगत राहते. खालून आता सावली येत नाही. पाटी मात्र जागेवर आहे. बाहेरगावच्या लोकांना मुंजाजी डोहाची जुनी गोष्ट सांगतात, आणि लोक त्यांना नमस्कार करतात.

ह्या वर्षी संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाचा नामविस्तार झाला. इतकी वर्षे थांबून जे मिळाले ते अर्धे मिळाले असे आमच्यातील काहींचे म्हणणे होते, तरी वस्तीत पेढे वाटले. नाक्यावर पोलिसांची गाडी उभी होती म्हणून मोठ्याने कोणी काही केले नाही. दिवस उतरू लागला तेव्हा मुंजाजी खाकी सदरा घालून वस्तीत आले. घरे जळाली त्या दिवसानंतर ते आमच्याकडे प्रथमच येत होते. समाजमंदिराच्या कट्ट्यावर ते बसले. कोणीतरी त्यांना पेढा दिला, तो त्यांनी खाल्ला. नंतर कोणी विचारले नसताना त्यांनी सांगितले, "सुग्रीवनं काय बी केलं न्हाई. दार मीच उघडलं व्हतं. मासं मरतील म्हणून त्या साहेबानं मला सांगितलं बी व्हतं."

मुंजाजी रडत होते. एकदोन म्हाताऱ्यांना त्यांची दयाही आली असावी. कडूबाई माझ्या शेजारी बसलेली होती. ती उठली नाही, आवाजही चढविला नाही.

ती म्हणाली, "हे आमाला म्हाईत हाय, मुंजाजी. ज्यांना म्हाईत न्हाई तिथं जाऊन सांगा."

मुंजाजी म्हणाले की, आता इतक्या दिवसांनी कोणाला सांगू.

"दिनकरराव हायेत. घाट हाय. संध्याकाळच्या आरतीला समदं गाव जमतंय," कडूबाई म्हणाली. "रडायचं तर तिथं रडा. इथं लय झालं."

मी त्यांच्याबरोबर वस्तीच्या बाहेरपर्यंत गेलो. तेथे वाट फुटते. एक वाट घाटाकडे जाते आणि दुसरी चढून फिल्टरकडे जाते. मी म्हणालो, "मुंजाभाऊ, मी संगं येतो. तुमी बोला, मी नुसता उभा राहतो." खाली मंदिरात लोक जमू लागले होते आणि त्यांचे बोलणे आम्हाला ऐकू येत होते. मुंजाजींनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसले. घाटाच्या वाटेकडे ते काही वेळ पाहत राहिले. मला वाटले की ते जातील. हे मला शेवटपर्यंत वाटत होते.

"दाराची येळ झाली, सटवाजी," ते म्हणाले, आणि चढाच्या वाटेने फिल्टरकडे गेले.

अंधार पडण्यापूर्वी आमच्या बायका झिऱ्यावर गेल्या. झिऱ्यातील पाणी फेसाळले होते आणि त्याला नेहमीचा वास येत होता. कडूबाई रिकामी घागर घेऊन परत आली.